पुलाखालची मैफल

दादरला पदपथावर टी-शर्ट मांडून बसलेल्या विक्रेत्याकडे एक काळा शर्ट हमखास लोंबकळताना दिसतो. त्यावर पिवळ्या रेषांनी काढलेला एक वाटोळा चेहरा असतो. डोळ्यांच्या जागी दोन फुल्या, जीभ बाहेर काढलेली, आणि वर रोमन अक्षरांत ठसठशीत नाव, ‘निर्वाणा’. गेल्या पाडव्याला आमची नात तोच शर्ट घालून ओवाळून घ्यायला बसली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मोठ्या कौतुकाने विचारले, “ही कुठल्या मठाची गं मंडळी?”

“आजी, मठाची नाहीत, ग्रंजवाली आहेत,” नात म्हणाली, आणि एवढ्याने सारा खुलासा झाला असे समजून करंजीकडे वळली.

वाचकहो, खुलासा अर्थातच झाला नव्हता. तो करण्याचे काम आमच्याकडे आले आणि त्या निमित्ताने आम्ही बरेच ऐकले, वाचले, जुनी चित्रणे पाहिली. कानांना थोडा त्रास झाला, नाही असे नाही. पण त्या साऱ्या पसाऱ्यात एक रात्र आम्हांला अशी सापडली, की तिच्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवेना. यंदाच्या दिवाळी अंकात आमच्या सदराची पाने तिलाच दिली आहेत.

निर्वाण हा शब्द आपला, पण ही मंडळी आहेत अमेरिकेच्या पार वायव्य कोपऱ्यातली. तिथे वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. (राजधानीचे शहर वॉशिंग्टन ते निराळे, ते दुसऱ्या टोकाला.) या राज्यातल्या अ‍ॅबर्डीन या लाकूडकापीच्या गावात वाढलेला कर्ट कोबेन आणि त्याचा ताडमाड उंच मित्र क्रिस्ट नोव्होसेलिक यांनी 1987 साली एक वाद्यवृंद जमवला. पाटीवरची नावे दोनचारदा पुसून झाली, आणि कानाला गोड लागेल असे काहीतरी हवे म्हणून अखेर ‘निर्वाणा’ हे नाव कायम झाले. नाव गोड एवढ्यासाठीच, की गाण्यात गोडवा शोधावा लागतो! ‘ग्रंज’ या शब्दाचा अर्थच मुळी मळ, घाण, कचरा असा आहे. सिअ‍ॅटलच्या मार्क आर्म नावाच्या गायकाने 1981 साली एका हौशी नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्याच वाद्यवृंदाची निंदा केली, तीत हा शब्द वापरला होता. पुढे तोच साऱ्या पंथाला चिकटला. आपल्या गायनाला आपणच कचरा म्हणणाऱ्या माणसांविषयी आम्हांला एकदम आपुलकी वाटली. आमच्या ओळखीचे बहुतेक गवई याच्या अगदी उलट वागतात.

सिअ‍ॅटल हे त्या राज्यातले मोठे शहर. बोइंगची विमाने तिथली, आणि आज आपली कितीतरी मराठी मुले संगणकाच्या नोकऱ्यांपायी तिथे बिऱ्हाड करून आहेत. त्यांच्या आईवडिलांनी तिथल्या पावसाची वर्णने ऐकली असतीलच. मापाने पाहाल तर तो मुंबईच्या पावसाच्या निम्मासुद्धा नाही. पण मुंबईचा पाऊस कोसळून मोकळा होतो आणि सिअ‍ॅटलचा ऑक्टोबरात जो ठिबकू लागतो तो वसंतापर्यंत ठिबकतच राहतो. मुलांनी करावे काय? तळघरात नाही तर मोटार ठेवण्याच्या खोलीत शिरावे, आणि गिटारी बडवाव्यात. त्यात गाव एका बाजूला. सॅन फ्रान्सिस्को तिथून सुमारे 1300 किलोमीटर. तेवढी वाट तुडवून बाहेरचे गाणारे या कोपऱ्यात फारसे येत नसत. तेव्हा ही मुले एकमेकांसाठीच वाजवीत. आज मी वर, तू खाली. उद्या तू वर, मी खाली. आपल्या पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांचे चालते तसेच हे चालले होते.

आता त्या रात्रीकडे येतो. तारीख 17 एप्रिल 1991, वार बुधवार. स्थळ ओके हॉटेल. नावावर जाऊ नका. मुक्कामाला उतरण्याचे हॉटेल ते पूर्वी कधीतरी होते. त्या काळी तिथे कॉफी मिळे आणि मागच्या बाजूस गाण्याला जागा होती. शहराचा हा भाग सर्वांत जुना, विटांच्या वखारींचा, म्हणून भाडी हलकी. समोर बंदर, आणि इमारतीच्या अगदी तोंडाशी 1953 साली बांधलेला दुमजली उड्डाणपूल. दिवसरात्र वरून मोटारी धडधडत जायच्या. अशा ठिकाणी गाण्याच्या आवाजाची तक्रार शेजारी कोणत्या तोंडाने करणार? छोट्या मैफलींच्या जागा साऱ्या जगात अशाच हिशेबाने मिळतात. ज्या खोलीचे शहराला काही मोल नाही, ती गाण्याच्या वाट्याला येते.

निर्वाणाची त्या वेळची परिस्थिती मोठी मजेदार होती. 1989 साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका सब पॉप या गावातल्याच छोट्या कंपनीने काढली. तिच्या ध्वनिमुद्रणाचा एकूण खर्च 606 डॉलर 17 सेंट. तेवढेही त्यांच्याजवळ नव्हते. जेसन एव्हरमन नावाच्या गिटारवादक मित्राने ते भरले, आणि त्याची उतराई म्हणून एकही सूर न वाजवता त्याचे नाव वादकांत छापले गेले! (लग्नपत्रिकेत व्यवस्थापकांच्या यादीत कोणाकोणाची नावे असतात ते आठवा.) 1990 च्या सप्टेंबरात डेव्ह ग्रोल हा ढोल फोडील अशा हाताचा वादक त्यांना येऊन मिळाला. आता एका बड्या कंपनीशी बोलणे ठरत आले होते आणि नव्या ध्वनिमुद्रिकेसाठी दूर लॉस एंजेलिसला जावयाचे होते. पण जाणार कसे? गाडीत पेट्रोल घालावयास पैसे हवेत. सांगतात ते असे, की त्या पेट्रोलसाठी ओके हॉटेलातला हा कार्यक्रम करावयाचे ठरले.

अशी रात्र कशी घडते, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. दारात एक पोरगा स्टुलावर बसून पाच-सहा डॉलर घेतो आणि तिकिटाऐवजी मनगटावर शिक्का मारतो. एकवीस वर्षांखालच्यांच्या हातावर काळ्या शाईची मोठी फुली काढतात. म्हणजे याला बियर द्यावयाची नाही. आत मंच कसला, गुडघाभर उंचीचा ओटा. गादी नाही, लोड नाही, खुर्चीसुद्धा नाही. सर्वांनी उभे राहावयाचे. आधी दोन लहान वाद्यवृंद अर्धा-पाऊण तास वाजवतात. मग तेच गायक-वादक घामाघूम होऊन आपापल्या पेट्या खांद्यावर उचलून बाहेरच्या गाडीत ठेवतात, आणि परत येऊन श्रोत्यांत उभे राहतात. हमाल, व्यवस्थापक, कलावंत सगळे एकच. कोपऱ्यात एका टेबलावर घरी छापलेले शर्ट विकायला असतात. मुख्य गाणे सुरू झाले की पुढची मंडळी उड्या मारू लागतात, एकमेकांवर आदळतात, एखादा ओट्यावर चढून गर्दीच्या डोक्यावर झोकून देतो आणि गर्दी त्याला हातोहात मागे पोचवते. पाहणाऱ्याला वाटावे, दंगल झाली. पण त्या दंगलीचाही शिष्टाचार आहे. कोणी खाली पडला की शेजारच्यांनी आधी त्याला काखेत धरून उभा करावयाचा, मग पुन्हा उडी. आपल्या गोविंदांच्या थरांत जो नियम, तोच.

आवाजाविषयी मात्र आम्ही वडीलधाऱ्यांच्या बाजूने बोलणार. अशा खोलीत आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास सोसावा, आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी करीत जावी, असे तिकडच्या तज्ज्ञांचे प्रमाण आहे. गणित करा, 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटे! म्हणून जाणती पोरे कानात बोळे घालून जातात. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या कर्ण्यांसमोर नाचणाऱ्या आमच्या वाड्यातल्या मुलांनीही ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

पण तो आवाज म्हणजे नुसता गोंगाट, असे म्हणणाऱ्याला आम्ही एक प्रश्न विचारू. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय? घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात, तार किंचित घासते, आणि कोरडा सूर भरून येतो. त्यातून नाना उपस्वर उमटतात. मिरजेचे कारागीर त्या घासण्यासाठी तासन्‌तास घोडी तासत बसतात. विजेच्या गिटारीत हेच काम ध्वनिवर्धक करतो. त्याला झेपेल त्याहून जास्त सूर त्याच्या तोंडी कोंबावयाचा, म्हणजे लाटेचे माथे छाटले जातात आणि मुळात नसलेले उपस्वर गुरगुरत बाहेर पडतात. त्यासाठी पायाखाली दाबावयाच्या छोट्या डब्या मिळतात. मार्क आर्मच्या मडहनी या वाद्यवृंदाने 1988 च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेला अशा दोन डब्यांचेच नाव दिले, ‘सुपरफझ बिगमफ’. शिवाय ही मंडळी जाड तार दोन अर्धस्वरांनी उतरवून वाजवीत. आवाज खर्जात गेला, की तो कानांपेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. या उतरत्या तारेचा एक मोठा कसबी म्हणजे साउंडगार्डन या वाद्यवृंदाचा किम थायिल. आडनाव ओळखीचे वाटले ना? त्याचे आईवडील केरळातले. आई संगीत शिकलेली आणि शिकवणारी. मुलगा 1960 साली सिअ‍ॅटलमध्येच जन्मला, आणि ज्या गावात ग्रंज वाढले त्या गावात त्याने 1984 मध्ये सोबत्यांसह साउंडगार्डन काढले. तेव्हा हा अगदीच परका मामला आहे, असे समजू नका.

तर ओके हॉटेल. त्या रात्री निर्वाणाच्या आधी वाजवणाऱ्यांत ऑलिंपिया या जवळच्या गावची ‘बिकिनी किल’ ही मंडळी होती. त्यांची गायिका कॅथलीन हॅना हिने आदल्या वर्षी कोबेनच्या खोलीच्या भिंतीवर रंगाने एक वाक्य लिहून ठेवले होते, की कर्टला टीन स्पिरिटचा वास येतो. कोबेनला वाटले, तारुण्याच्या पेटत्या चैतन्याविषयी काही क्रांतिकारक बोलली आहे. प्रत्यक्षात टीन स्पिरिट हे मुलींच्या वापरातल्या एका घाम-नाशकाचे नाव होते, आणि कोबेनची मैत्रीण ते वापरीत असे, म्हणून ही थट्टा! त्याचा तो गैरसमज पुढे कित्येक महिने टिकला, आणि त्याच गैरसमजातून एका गाण्याला नाव मिळाले.

ते गाणे, ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’, लोकांसमोर पहिल्यांदा वाजले ते याच बुधवारी. त्याचे चित्रण उपलब्ध आहे. डग प्रे याच्या ‘हाइप!’ या 1996 च्या माहितीपटातही ते दाखवले आहे. आम्ही ते चारदा पाहिले. शब्द अजून पक्के नाहीत. पुढे ध्वनिमुद्रिकेवर जे आले त्याहून निराळेच काही कोबेन गातो आहे. समोरच्या कोणालाही हे गाणे ठाऊक नाही. त्याचे नाव नाही, कीर्ती नाही, टाळ्या कुठे वाजवाव्यात हेही माहीत नाही. सुरुवातीची गिटार एकटी येते, मग ढोल कोसळतो, मग एकदम सारे शांत होऊन फक्त दोन सूर ठिबकत राहतात, आणि पुन्हा कोसळते. एवढ्यात खालची गर्दी हलू लागते. एक लाट पुढे येते, ओट्याला थडकते, मागे जाते. धृपद दुसऱ्यांदा येईतो ती काही शे पोरे जणू वर्षभर हे गाणे ऐकत असल्यासारखी उसळत असतात. जगात कोट्यवधी लोकांनी ते पुढे ऐकले. पण हे गाणे आहे की नुसता आवाज, याचा निकाल कोणी लावण्याआधी ज्यांच्या अंगाने तो लावला, ती माणसे एवढीच. रेडिओने सांगितले नव्हते, वर्तमानपत्राने सांगितले नव्हते. छोट्या बैठकीचे हे सुख ज्याने एकदा चाखले, त्याला मोठ्या मंडपात पाचव्या रांगेचे तिकीट फुकट मिळाले तरी रुखरुख वाटते, याला आमच्या पिढीतले संगीतवेडे साक्ष देतील.

हातावरच्या फुलीचा आम्ही वर ओझरता उल्लेख केला. त्या फुलीतच खरा तिढा आहे. अमेरिकेत एकवीस वर्षांखालच्याला दारू मिळत नाही, आणि गाणे बहुतेक दारूच्या गुत्त्यातच चालते. मग सतरा वर्षांच्या मुलाने, म्हणजे ज्याला गाण्याची सर्वांत जास्त भूक असते त्याने, जावे कुठे? ओके हॉटेलसारख्या ठिकाणी, जिथे सर्व वयांना प्रवेश असे. पण 1985 साली सिअ‍ॅटल नगरपालिकेने ‘टीन डान्स ऑर्डिनन्स’ या नावाचा नियम केला. गावातल्या एका क्लबात कोवळ्या मुलांना नशेचे पदार्थ मिळतात, अशी पालकांची ओरड झाली होती. ती खोटी नव्हती असे दिसते. आम्हीही पालक आहोत, आम्हीही ओरडलो असतो. पण औषध काय निघाले? अल्पवयीनांचा नाच ज्याला भरवावयाचा असेल त्याने 10 लाख डॉलरचा विमा उतरावा आणि पदरमोड करून पोलीस उभे करावेत! पाच डॉलरच्या तिकिटावर हे कोणाला परवडणार? ज्यांना पैसे मिळवावयाचे होते त्यांनी गुत्ते चालवले आणि मुलांना दाराबाहेर ठेवले. ज्यांना मुलांसाठी काही करावयाचे होते ते भीत भीत, आज आहे उद्या नाही, अशा बेताने दारे उघडीत. नशा मात्र, जिला विमा लागत नाही, ती गावात राहिलीच. मदर लव्ह बोन या वाद्यवृंदाचा गायक अँड्र्यू वुड 1990 च्या मार्चमध्ये हेरॉइनने गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. मुलांना भर उजेडात चार जाणत्यांच्या देखत गाऊ-नाचू न देणे म्हणजे त्यांचे रक्षण, हे आम्हांला पटत नाही. निर्वाणाच्या नोव्होसेलिकने पुढे 1995 पासून या नियमाविरुद्ध संघटना बांधून खटपट केली. 2002 साली नियम रद्द झाला. तोवर सतरा वर्षे गेली. म्हणजे तो झाला त्या वर्षी जन्मलेले मूल ऐन गाण्याच्या वयात आले.

ओके हॉटेलनंतरची कथा जगजाहीर आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. ‘नेव्हरमाइंड’ ही ध्वनिमुद्रिका 24 सप्टेंबर 1991 रोजी निघाली. कंपनीने अमेरिकेसाठी पहिल्याने पन्नास हजारांच्या आतच प्रती काढल्या होत्या. 1992 च्या जानेवारीत तिने मायकेल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले. मग काय विचारता! साऱ्या जगाची पावले सिअ‍ॅटलकडे वळली. थंडीत उबेला म्हणून जुन्या बाजारातून घेतलेले चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट ही मुले घालीत. न्यूयॉर्कच्या मार्क जेकब्ज या वेषकाराने तेच शर्ट रेशमात शिवून मंचावर मिरवले, आणि त्यापायी नोकरी घालवून बसला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 1992 च्या नोव्हेंबरात या मुलांच्या खास बोलीचा छोटा कोशच छापला. त्यासाठी पूर्वी सब पॉपमध्ये काम केलेल्या मेगन जॅस्परला दूरध्वनी केला होता. बाईंनी कंटाळून तोंडाला येतील ते शब्द जागच्या जागी रचून सांगितले, आणि त्या भारदस्त वर्तमानपत्राने ते जसेच्या तसे छापले! आम्हां लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट टेबलाच्या काचेखाली ठेवावी अशी आहे.

या साऱ्या गदारोळात कोबेनला काय वाटत होते, याची एक खूण आम्हांला सापडते. ओके हॉटेलातल्या त्या रात्रीनंतर त्याच महिन्याच्या अखेरीस गावात ‘क्रॉकोडाइल’ नावाची दुसरी छोटी जागा उघडली होती. 4 ऑक्टोबर 1992 रोजी तिथे मडहनीचा कार्यक्रम होता. आधी वाजवणाऱ्यांचे नाव ‘पेन कॅप च्यू’ असे होते, कोणी न ऐकलेले. पडदा नव्हताच, ती मंडळी ओट्यावर आली तेव्हा श्रोत्यांनी पाहिले, की हा निर्वाणा! जगात कुठल्याही मैदानावर ज्यांच्यासाठी पन्नास हजार माणसे जमली असती, ते नाव लपवून दुसऱ्याच्या आधी अर्धा तास वाजवावयास त्या खोलीत आले होते. 1994 च्या एप्रिलमध्ये सिअ‍ॅटलच्या राहत्या घरी कोबेनने आपले जीवन संपवले. तो सत्तावीस वर्षांचा होता. पोटाचे जुने दुखणे, नशा, कीर्तीचा जाच, मनाचा आजार. कारणे पुष्कळ सांगतात, आणि आम्ही त्यांत भर घालू इच्छीत नाही. नातीला आम्ही एवढे मात्र सांगितले, की शर्टावरचा तो चेहरा हसतो आहे असे समजू नकोस. ती म्हणाली, “ठाऊक आहे, आजोबा.” तिला ते ठाऊक होते, याचे आम्हांला जरा बरेही वाटले आणि जरा धसकाही बसला.

28 फेब्रुवारी 2001 रोजी सिअ‍ॅटलला 6.8 क्षमतेचा भूकंप झाला. शहर मोठ्या हानीतून वाचले. पण ओके हॉटेलच्या जुन्या भिंतींना तो सोसला नाही. तिथले गाणे त्या दिवशी थांबले ते पुन्हा सुरू झाले नाही. इमारत नीट करून पुढे तिच्यात राहण्याच्या खोल्या काढल्या. त्या भूकंपाने हादरलेला समोरचा दुमजली पूल धोक्याचा ठरला, तरी त्यावरून आणखी सतरा-अठरा वर्षे मोटारी धावत होत्या. 2019 च्या जानेवारीत त्याची रहदारी कायमची बंद केली आणि तुकड्यातुकड्याने तो पाडला. खालून भुयारी रस्ता काढला आहे. ज्या खिडक्यांसमोर पासष्ट वर्षे काँक्रीट होते, त्यांतून आता बंदर दिसते, आणि पाऊस थांबलेला असेल तेव्हा उन्हेही आत येतात. त्या खोल्यांतून राहणाऱ्यांना आता रात्री शांत झोप लागत असेल.